सीटामागचं इंजन

मी इकडची नाई. माझं माहेर लोणारकडचं, तिथून आदिलाबादले यायचं म्हटलं की यष्टीत पुरा दिवस जाये, दोन ठिकानी गाडी बदला लागे, अन् पोरगी येवढी लांब देल्ली म्हनून माझी माय वर्षभर रडली असन. शिकली मी सातवीपर्यंत. आठवीची शाळा दुसऱ्या गावाले व्हती, मधात नाला, पोरीले रोज कोन नेऊन सोडन, म्हनून राहून गेली. वाईट नाई वाटलं असं नाई म्हननार मी. वाटलं. आजबी कोनी इंग्रजीतला कागद पुढं केला की मले वाटते आता हा विचारन अन् मले येनार नाई. पन बाबानं मले घरी नाई बसू देल्लं. बाबाचं काम म्हनजे विहिरीवरचे इंजनं, मळणीयंत्रं, शेतातल्या पाइपलाइना दुरुस्त करनं. दहा गावात फिरे, सायकलीच्या मागं मी, माझ्या मांडीवर पान्याची पिशवी. बारा-तेराचा पाना दे म्हटलं की मी न पाहता, नुसत्या हातानं चाचपून काढून देओ. तेच माझी आठवी अन् तेच माझी दहावी.

लग्न करून आली तं सासऱ्याचं गॅरेज व्हतं, जैनथच्या रस्त्यावर, टिनाचं शेड, अजूनबी तेच आहे. लोड आटो अन् व्हॅना येत, तलमडुगुपासून भीमपूरपासून लोकं घेऊन येत, कापसाच्या दिवसात तं रांग लागे. मी नवी नवरी, डोक्यावर पदर, चहा घेऊन जाओ अन् परत येओ. एक दिवस एक व्हॅन ठकठक करून राह्यली व्हती, मामाजी म्हनजे माझे सासरे अन् आमचे हे, देवराव, दोघंबी भांडून राह्यले, एक म्हने खालचा आवाज आहे, एक म्हने वरचा. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी. माझ्या तोंडून निघून गेलं, तिसऱ्या सिलिंडरचा टॅपेट ढिला आहे जी. दोघंबी माझ्याकडं पाहाले लागले. मी घाबरली, वाटलं आता झालं, आता माहेरी पाठोतात मले. मामाजीनं वरचं झाकन खोललं, तिसराच व्हता. मंग माझ्या हातातला ट्रे त्यायनं आपल्या हातात घेतला अन् म्हने सूनबाई, पाना घे. येवढंच. मोठं भाषन नाई काई नाई. लोकं बोलले मंग, बोलनारच, म्हनत सून झोपोली गाडीखाली, उद्या चूल कोन पेटवन, तुमी का? मामाजी म्हनत, गाडीले कुठं माहीत आहे खाली कोन झोपलं ते, तिले दुरुस्त होऊ द्या. काय सांगू तुमाले, त्या मानसाचे उपकार माझ्यानं फिटत नाई. आता त्यायले दिसत नाई नीट, पन रोज शेडात खुर्ची टाकून बसते, आवाज ऐकते.

तुमी जुनी व्हॅन पाह्यली असन, डायव्हरची सीट उचलली की खाली इंजन. समोर काईच नाई, नुसता पत्रा. नवीन मेकॅनिक लोकं त्या गाडीले शिव्या देतात, काऊन की दिसत काई नाई, वरून एक हात घाला, खालून एक हात घाला अन् आंधळ्यावानी बोटानं नट शोधा. माझे हात बारीक, मले सोपं गेलं. इतके वर्षं मी तेच केलं, गाडीच्या पोटात हात घालून काम. म्हनून म्हनतो आमी, जिचं इंजन पोटात ती गाडी शोभाची, म्हनजे माझी.

आता त्या शर्यतीच्या गाडीचं सांगतो. इथल्या मंडल ऑफिसात, म्हनजे तहसीलीत, एक कारकून व्हते, बौद्ध समाजाचे, भला मानूस, त्यायची व्हॅन आमच्याकडेच येत जाये. त्यायची पोरगी प्रज्ञा, इंजिनेर झाली, हैद्राबादले नोकरी करते. तिले नाद गाडी पळवाचा. रस्त्यावर नाई हो, बंद मैदानात, एक-एक गाडी सोडतात अन् घड्याळ लावून पाहतात कोन कमी वेळात फिरून येते. तर ही पोरगी एक दिवस टेम्पोवर गाडी घालून आमच्या दारात. गाडी म्हनजे काय, जेमतेम कमरेइतकी उंच, दोनच मानसं बसतात, अन् बसतात म्हनजे जमिनीवरच बसतात. नारिंगी रंग. आमचे हे फिरून फिरून पाहून राह्यले, म्हने प्रज्ञाताई, हिचं बानेट तं रिकामं आहे, नुसता रेडिएटर, इंजन इसरून आले का? ती हसली, म्हने काका, मागं आहे. सीटाच्या मागं अन् मागच्या चाकाच्या पुढं, आडवं. म्हनजे पुन्हा पोटातच.

त्यातलं इंजन लहान व्हतं. गाडी वळनात चांगली चाले पन सरळ रस्त्यावर मागं पडे. म्हनून तिनं एका ठोकलेल्या मोठ्या कारचं इंजन गेअरबाक्ससकट घेतलं, ताकद दुपटीहून जास्त. शहरातल्या दोन-तीन ठिकानी विचारलं, सगळे म्हने ताई, बसत नाई, नवीनच घ्या. अन् येड्या पोरीनं जुनं इंजन आधीच विकून टाकलं व्हतं, मागं जाची वाटच नाई. शर्यतीत नाव देऊन झालं व्हतं, दीड महिना हातात. म्हने काकू, तुमी नाई म्हटलं तं मी ही गाडी अंगनात ठेवून त्यात तुळस लावतो.

आमचे हे नाई म्हनत व्हते. खरं सांगतो, मलेबी भ्या वाटलं. आपन आटो दुरुस्त करनारे लोक, हे कुठं अंगावर घेता? तेवढ्यात मामाजी उठले, चाचपत गाडीजवळ गेले, मागचं झाकन उघडं व्हतं, त्या रिकाम्या जागेत दोन्ही हात घातले, इकडं चाचपलं तिकडं चाचपलं, अन् म्हने, सूनबाई, ही तं आपली व्हॅनच आहे, कपडे भारी घातले फक्त. तेव्हा मी म्हटलं, बसवतो. मी म्हटलं. माझ्या तोंडचा शब्द व्हता तो, ह्यायचा नाई, मामाजीचा नाई. अन् शब्द गेला की मंग झोप गेली माझी.

पयले मी इंजनाले हातबी नाई लावला. सरकीच्या बियान्याचे खोके आनले, पुठ्ठ्याचे, अन् त्या पुठ्ठ्याचं इंजन बनवलं, लांबी रुंदी सगळी मोजून, तेवढंच. ते पुठ्ठ्याचं इंजन गाडीत घातलं. आमचा वेल्डर नरसय्या, तेलुगू मानूस, मले अक्का म्हनते, तो पोट धरून हसला, म्हने अक्का, ये तो बिना पेट्रोल का चलेगा. पन पुठ्ठ्यानं सांगितलं, डाव्या बाजूले तीन बोट अडते, मागच्या डिक्कीचा पत्रा कापा लागते, अन् वरून उतरवता येत नाई, खालून चढवा लागते. मंग गाडीच साखळीच्या पुलीनं वर उचलली अन् इंजन ट्रॉलीवर खाली सरकवलं. चार पाय बनवले इंजनाले गाडीत धरून ठेवाले, पयले पुठ्ठ्याचे, मंग पत्र्याचे, मंग जाड लोखंडाचे. नरसय्यानं वेल्डिंग असं केलं, जसं बाईनं गोधडीले टाके घातले. चाकाकडं जानारे दांडे लांबीले जुळत नव्हते, नरसय्या म्हने कापून जोडून देतो, मी नाई म्हटलं, तुटलं तं पोरगी आहे त्यात. लेथवाल्याकडून नवे करून घेतले.

मले एक सवय आहे. बोल्ट कसला की त्याच्यावर नेलपालिशचा ठिपका लावतो, म्हनजे कसलं का नाई हे इसरत नाई. तरी दुसऱ्या दिवशी सगळे ठिपके असलेले बोल्ट पुन्हा पाना लावून पाह्यले. आमचे हे म्हनत, अवं नखाले कधी लावलं नाई, लग्नातबी नाई, अन् गाडीले नटवून राह्यली. वायरिंग ह्यायचं काम, मले त्यातलं येत नाई. अन् वायरिंगनं आठ दिवस खाल्ले, काऊन की सगळं जोडलं अन् इंजन चालूच होईना. फिरे, पन पकडेना. नंतर कळलं, त्या मोठ्या कारच्या चाबीत चीप असते, अन् इंजनाच्या कंप्युटरले तीच चाबी पायजे, दुसरी तो ओळखतच नाई. चाबी राह्यली हैद्राबादच्या भंगारात. हे सकाळच्या गाडीनं गेले, दिवसभर चाब्याच्या ढिगाऱ्यात बसले अन् घेऊन आले, वर मलेच म्हने, बायको सापडाले एवढा टाइम लागला नव्हता.

तर चाबी लावली अन् इंजन चालू झालं. काय आवाज तो! शेडाचे टिन थरथरले. शेजारचा पंक्चरवाला पळत आला, दोन आटोवाले थांबले, मामाजी खुर्चीतून उठून उभे राह्यले. प्रज्ञाबी सुटी काढून आलेली व्हती, तिनं माझ्या गळ्यात हात टाकला. मी हसली, पन माझी नजर गरमीच्या मीटरवर. पाच मिनट झाले, काटा मधात. आठ मिनट, काटा थोडा वर. दहा मिनटाले काटा चढाले लागला, असा चढला जसा कोनी वरून ओढून राह्यलं. मी ओरडली, बंद कर. बंद केलं, लाल पट्ट्याच्या जराशा अलीकडंच. पुढं रेडिएटरले हात लावला तं थंड. इंजन आग अन् रेडिएटर थंड. आटोवाले निघून गेले हळूच.

तीन दिवस आमी तेच केलं. थर्मोस्टॅट बदलला, पंप खोलून पाह्यला, पानी काढलं, पुन्हा भरलं, काटा पुन्हा वर. मी जास्त चालू ठेवतच नव्हती, काऊन की हेड, म्हनजे इंजनाचं डोकं, गेलं तं इंजन गेलं, इंजन गेलं तं पोरीची शर्यत गेली, अन् जुनं तं तिच्याजवळ नव्हतंच. शर्यतीले दहा दिवस राह्यले व्हते. ह्यायनं म्हटलं, तिले सांगून टाकू, मोठं इंजन या गाडीले झेपत नाई, शहरातले लोक येडे नव्हते. मी जेवाचं ताट तसंच झाकून ठेवलं. मले वाटे मी सातवी शिकलेली, कशाले जीभ उचलली, त्या पोरीनं शहर सोडून माझ्यावर भरोसा टाकला अन् मी तिले बुडवलं.

चौथ्या दिवशी सकाळी नरसय्या आला, आला अन् लगेच निघाला. म्हने अक्का, आज मैं नै रुकता, भाई के खेत में मोटर पानी नै फेंक रहा, पाइपलाइन में हवा बैठ गई. मी म्हटलं जा. तो गेटपर्यंत गेला असन अन् मी पाना हातात घेऊन तशीच उभी. हवा. मले माझा बाबा दिसला, शेताच्या धुऱ्यावर उकिडवा बसलेला. विहिरीपासून वरच्या वावरात पाइप जाये, मधात उंचवटा राहे, तिथं हवा अडकून बसे, खाली मोटर घूं घूं करे अन् वर पान्याचा थेंब नाई. बाबा त्या उंचवट्यावरच पाइपाले लहान छेद पाडे, तिथं तोटी बसवे. तोटी उघडली की पयले फुस्स, मंग फुरफुर, मंग पान्याची धार. किती वेळा मी माझ्या हातानं ती तोटी बंद केली व्हती.

मी गाडीच्या बाजूनं जमिनीवर बसली अन् पाह्यलं. रेडिएटर पुढं नाकात, इंजन मागं, मधात पान्याचे दोन पाइप पोटाखालून जातात. म्हनजे पुढं एक उंचवटा, मागं एक उंचवटा, मधात खोलगट वावर. अन् आमी पानी कुठून भरत व्हतो? पुढून, रेडिएटरच्या झाकनातून. व्हॅनीले तसंच भरतात, आटोले तसंच, टॅक्टरले तसंच, तोंडापर्यंत पानी आलं की भरलं समजा. पन हे नवं इंजन उंच, त्याचं डोकं रेडिएटरच्या झाकनाहून वितभर वर. पुढं तोंडापर्यंत पानी दिसे अन् मागं इंजनाच्या डोक्यात नुसती हवा. इतक्या वर्षांची सवय, हात आपोआपच समोर जात व्हता. चूक गाडीची नव्हती, इंजनाची नव्हती, चूक माझ्या हाताची व्हती.

मी प्रज्ञाले फोन लावला. हे म्हनत कशाले सांगतं, गुपचूप करून टाक. पन मले राहवेना, मी सांगितलं, पोरी, चूक माझी आहे, पानी मी चुकीच्या ठिकानाहून भरत व्हती, तुझं इंजन तीन दिवस माझ्यापायी तापलं. सांगता सांगता मले रडूच आलं. मंग ती म्हने, तेल पाह्यलं का काकू, त्यात पानी जाऊन दुधावानी झालं का? मी म्हटलं दोनदा पाह्यलं, नाई झालं. ती म्हने मंग हेड वाचलं, अन् तुमी मले फोनवर काऊन रडून राह्यल्या, पाना घ्या ना. अगदी मामाजीवानी म्हने.

लोड आटोची पान्याची बाटली काढली अन् ती मागं लावली, इंजनाच्या डोक्याहूनबी वर, सगळ्यात उंच जागा पाहून. इंजनाच्या पाइपाले उंचावर एक पितळी निपल बसवला, ब्रेकची हवा काढतो ना आपन, तोच, अन् पुढं रेडिएटरच्या माथ्यावर दुसरा. दोन उंचवटे, दोन तोट्या. मागून पानी टाकलं, मामाजीले पुढच्या निपलजवळ बसवलं, काऊन की आवाज त्यायलेच कळते. मामाजी म्हनत, फुस्स करून राह्यलं... करून राह्यलं... फुरफुर... आली धार, बंद कर. मंग मागचा निपल मी. इतकी हवा निघाली, काय सांगू तुमाले, वाटलं आता संपतच नाई. पानी पाह्यलं तं आधीपेक्षा चांगलं तीन लिटर जास्त बसलं.

चालू केलं. पाच मिनट, दहा मिनट, काटा मधात. पंधरा मिनटाले पुढचा पंखा आपोआप फिरला, रेडिएटर गरम, दोन मिनटानं पंखा बंद. पुन्हा फिरला, पुन्हा बंद. मी अर्धा तास चालू ठेवलं, काटा हललाच नाई. आमचे हे म्हने, आता तं हास. मी हासली नाई, मी खाली बसली अन् ठिपके मोजले.

कापसाचा मोसम सरला व्हता, तं ओळखीच्या जिनिंगचं आवार रिकामं व्हतं, मालकाले विचारून तिथं गाडी नेली. प्रज्ञा म्हने काकू, बसा बाजूले. मी साडी खोचली अन् बसली, बसली म्हनजे पडलीच आत. तिनं गाडी सोडली. बापा, मानेच्या मागं इंजन, जसं कोनी पाठीवर बसून ढकलून राह्यलं! जिनिंगची भिंत समोर आली, वळली, पुन्हा भिंत, पुन्हा वळली, ती पोरगी हासून राह्यली, ओरडून राह्यली, काकू पाहा, पाहा ना! मी काई पाह्यलं नाई. मी काटा पाह्यला. उतरल्यावर ह्यायनं विचारलं, कशी वाटली? मी म्हटलं, मधात.

शर्यतीले मी गेली नाई. टेम्पोवर गाडी चढवली, दोर बांधले, मी सगळे दोर पुन्हा बांधले, अन् घरी राह्यली. हिंमतच नाई झाली. त्या दिवशी शेडात तीन आटो उभे, एकाचंबी काम झालं नाई, फोन समोर ठेवून बसली. मामाजी म्हने बाई, फोन पाहून इंजन थंड होत नाई. दुपारी फोन आला. मागं गर्दीचा आवाज, कोनी माइकवर बोलून राह्यलं. मी पयलं विचारलं, काटा कुठं व्हता? ती म्हने मधात व्हता काकू, तिन्ही फेऱ्यात मधात. मी म्हटलं पंखा फिरला? फिरला. पान्याची बाटली पाह्यली? पाह्यली. खाली काई ठिबकलं? तिकडून ती ओरडली, काकू, मी कितवी आली ते तरी विचारा ना! मंग विचारलं. दुसरी आली व्हती. पयल्या नंबरवाल्याची गाडी बाहेर देशातून आलेली, हिची आदिलाबादच्या टिनाखालून. अन् कागदावर मेकॅनिकचं नाव लिहाची जागा असते म्हने, तिथं तिनं माझं नाव लिहिलं, इंग्रजीत. फोटो पाठोला. तेवढी इंग्रजी मले वाचता आली.

आता तिकडून शर्यतीवाले लोकं फोन करतात, दोघं-तिघं आपल्या गाड्या घेऊनबी येऊन गेले. मले अजूनबी भ्या वाटते, प्रत्येक वेळी वाटते, हात नाई म्हनन. पन मी सांगतो सगळ्यायले, लपवत नाई, पानी मागून भरा, हवा दोन्हीकडून काढा. आमच्या बाबाचीच इद्या आहे ती, बाबा राह्यला नाई पाहाले. आज पुन्हा प्रज्ञाची शर्यत आहे, म्हनून मी तुमच्याशी बोलताना फोनकडं पाहून राह्यली, राग मानू नका. पुढच्या वर्षी सोबत नेतो म्हनते मले. पाहू. तिच्या मागं माझ्या हातानं बसवलेलं इंजन आहे, पुढं तिचा रस्ता आहे, मधात ती बसली आहे. पोरगी सुखात राहो, नीट घरी येवो. नंबर कोनताबी येऊ दे.